तिसऱ्या नावाची जागा

इंचॉनच्या बुप्योंग बाजारात बांग सोन्जूचं तोंडीलावण्याचं दुकान कुठे आहे, हे कुणाला विचारत बसावं लागत नाही. बाजाराच्या तोंडाशी उभं राहायचं आणि कान द्यायचा. कोवळे मोड, परतलेली सुकी मासळी, आजच घातलेलं मुळ्याचं किमची, अशा हाका जिकडून येतील तिकडे चालू लागायचं. समोरचा मासळीवाला म्हणतो, ही बाई ओरडली की माझ्या बर्फावरचे बांगडे कूस बदलतात. सोन्जू त्याला म्हणते, बदलू देत की, गिऱ्हाइकाला दुसरी बाजू तरी दिसेल.

वय चाळीस, ठेंगणी, दंड मात्र पैलवानासारखे. नवरा विमानतळावर सामान चढवतो. त्याच्या पाळ्या अशा विचित्र की दोघांची भांडणंसुद्धा फ्रिजला लावलेल्या चिठ्ठ्यांवर चालतात. मुलगी हायुल चौदाची, आईच्या आवाजाची तिला शाळेच्या दारात लाज वाटते. दुकान मुळात सासूचं. म्हातारीने जाताना तिळाच्या तेलाची मापं दिली आणि एकच गोष्ट बजावली, शिळं असेल तर शिळं म्हणून विकायचं. सोन्जूने ते पाळलं. कालची कमळकाकडी ती कालची सांगूनच विकते, आणि बायका तीच मागून नेतात, कारण बाईचा शब्द खरा असतो. असं कुणी तोंडावर म्हटलं की सोन्जू चटकन विषय बदलते. तिच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं खोटं तिने सतराव्या वर्षीच बोलून ठेवलं होतं, आणि तेवीस वर्षांत ते कुणाला कळलं नव्हतं.

तिचा आवाज बाजारात कमावलेला नव्हे. तो 'हानबादा'च्या पायी कमावलेला. हानबादा म्हणजे पाच पोरांचा गट. ती शाळेत होती तेव्हा हे पाचजण टीव्हीवर आले आणि वर्गातल्या निम्म्या मुलींची अभ्यासातून कायमची सुट्टी झाली. या गटाचा रंग अबोली. अबोली फुगे, अबोली रेनकोट. दुसऱ्या एखाद्या गटाच्या पोरींनी अबोलीच्या आसपासचा रंग जरी हातात धरला तरी प्रकरण झिंज्या उपटण्यापर्यंत जायचं. सोन्जूने दोनदा उपटल्या होत्या, एकदा स्वतःच्या आतेबहिणीच्या.

गाणं सुरू होण्याआधी जी सुरावट वाजते, तिच्या ठोक्यांवर चाहत्यांनी पाचही जणांची नावं घ्यायची, ही आमच्याकडची रीत. आडनावासकट, ठरलेल्या क्रमाने. छा मुन्सोक. कू तेग्यून. योम दोजुन. पी हानसोल. नाम उजिन. पहिलं अक्षर एकीने उचलायचं आणि दुसऱ्या अक्षराला बाकीच्यांनी तिला गाठायचं. ती एक म्हणजे चाहत्यांच्या मंडळाच्या इंचॉन शाखेची प्रमुख सोन्जू. सोलच्या मुख्य शाखेत मुली तिप्पट होत्या, पण असा गळा एकीलाही नव्हता. तिसरं नाव आलं की हा गळा आपोआप एक पायरी वर चढायचा. कारण दोजुन तिचा होता. तिच्या दप्तरात तो होता, कंपासपेटीच्या झाकणात तो होता, आणि गणितात नापास झाल्याचं सगळ्यात आधी तिने त्याच्या फोटोला सांगितलं होतं.

मग २००१च्या वसंतात बातमी आली. कंपनीशी असलेला करार संपला, चौघे बाहेर पडले, आणि पाचव्याने त्याच कंपनीशी नव्याने सही केली. पाचवा म्हणजे योम दोजुन. वर्तमानपत्रात एवढंच होतं, पण मुलींना एवढं पुरे होतं. फितूर झाला. चौघांना रस्त्यावर सोडून स्वतःची सोय पाहिली. ज्याच्यावर जीव अधिक त्याच्यावर दातही अधिक. सोन्जू दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी तिने शाळेजवळच्या तोकबोकीच्या, म्हणजे तिखट रश्श्यातल्या तांदळाच्या वळ्यांच्या दुकानात शाखेच्या मुली जमवल्या आणि शनिवारच्या कार्यक्रमात काय करायचं ते सांगितलं. तो सगळ्या गटांचा मिळून मैदानावरचा मोठा कार्यक्रम होता आणि पाचजण एकत्र गाणार होते ते शेवटचंच.

तिसरं नाव घ्यायचं नाही, ती म्हणाली. पण पुढचं नाव मागे ओढून जागा भरायचीही नाही. त्याच्या नावाचे ठोके येतील तेव्हा तोंड मिटायचं आणि फुगे खाली घ्यायचे. त्याला ऐकू आलं पाहिजे की इथे काहीतरी होतं आणि आता नाही.

 रागावलेल्या सगळ्याच होत्या, पण हे ऐकून त्यांनी काटे खाली ठेवले. बोराम नावाची एक मुलगी होती, सोन्जूपेक्षा दोन वर्षांनी लहान, ऊन्नी ऊन्नी, म्हणजे ताई ताई करत तिच्या मागे फिरणारी. तिने भीत भीत विचारलं की हे कुणी ठरवलं. सोन्जूला दिसलं की आपण ठरवलं म्हटलं तर यातल्या निम्म्या येणार नाहीत. सतरा वर्षांच्या पोरीचं कोण ऐकतं?

"सोलहून आलंय," ती म्हणाली.

सोलहून आलंय म्हटलं की आमच्याकडे पुढे प्रश्न नसतो, मग ती केसांची फॅशन असो की सरकारी फर्मान. संध्याकाळपर्यंत फोन फिरले. सुवोनला गेलं, देजॉनला गेलं, शुक्रवारपर्यंत फिरून फिरून ते सोलच्या मुलींच्याही कानावर गेलं, आणि त्यांना वाटलं आपल्याच प्रमुखाचा निरोप आहे. प्रमुख ग्वाक मिरान त्या आठवड्यात आंत्रपुच्छाचं ऑपरेशन होऊन इस्पितळात पडली होती. तिला विचारायला कुणी गेलं नाही.

शनिवारी मैदानावर सगळं ठरल्याप्रमाणे झालं. छा मुन्सोक, कू तेग्यून, आणि मग चार ठोके हजारो मुली गप्प. अबोली रंगाचा अख्खा स्टँड काळा पडला. नुसती सुरावट वाजत राहिली. त्या चार ठोक्यांत सोन्जूने ओठ इतके आवळले होते की आतून रक्त आलं. मग पी हानसोल, नाम उजिन. दोजुन ठरलेल्या जागी ठरलेल्या वेळी गायला. पाऊल चुकलं नाही, सूर चुकला नाही. त्याचं कडवं आलं तेव्हाही फुगे खालीच होते.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी मुलींना फाडून खाल्लं. आपल्याच माणसाचं तोंड भर मैदानात काळं करणाऱ्या या कसल्या मुली, यांचे आईबाप काय करतात, वगैरे. ज्या मुली शनिवारी शूर होत्या त्या सोमवारी रडायला लागल्या आणि हे कुणी करायला लावलं याचा शोध सुरू झाला. सगळ्या शाखांनी एकच उत्तर दिलं, सोलहून आलं. इंचॉन शाखेने तर लेखी निषेध पाठवला की मुख्य शाखेने आमच्याकडून हे करवून घेतलं. त्यावर शाखाप्रमुखाची सही लागते. सोन्जूने ती केली, वळणदार अक्षरात.

ग्वाक मिरानने वाद घातला नाही. आपल्याच शाखेतल्या कुणीतरी केलं असणार, प्रमुख मी आहे, तेव्हा दोष माझा, असं तिने मंडळाच्या पत्रकात लिहिलं आणि पद सोडलं. मुलींनी तिला घरच्या पत्त्यावर घाणेरडी पत्रं पाठवली. बोरामनेही एक पाठवलं आणि पाठवायच्या आधी सोन्जूला वाचून दाखवलं. सोन्जूने त्यातली शुद्धलेखनाची एक चूक दाखवून दिली. एवढंच.

चौघे पुढे सहा-सात महिने चौघे म्हणून गायले. मुली चार नावं घ्यायच्या, पण रिकामी जागा तशीच ठेवायच्या, आता रागाने नव्हे तर सवयीने. मग तेही संपलं. सोन्जू बारावी झाली, कारखान्यात लागली, लग्न झालं, सासूच्या हाताखाली मुळे चिरायला शिकली. चिरताना सुरी ठोके धरायची. दोन नावं, चार ठोके गप्प, दोन नावं. सासू म्हणायची, सूनबाई मध्येच अडखळते का गं, सुरी बोथट झाली का.

खरं काय ते दोन वर्षांपूर्वी कळलं. छा मुन्सोक, गटातला थोरला, एका गप्पांच्या कार्यक्रमात आला होता. त्याने सहज सांगितलं, हसत हसत, जुनी गोष्ट सांगावी तसं. कंपनी तेव्हा म्हणाली होती, तुमच्यातला एक आणखी तीन वर्षं इथे राहिला तर बाकीच्यांना सुखाने जाऊ देतो, नाहीतर पाचांनाही कोर्टात खेचतो. चौघे एकमेकांची तोंडं बघत बसले आणि दोजुनने हात वर केला. वर म्हणाला, हे बाहेर सांगू नका, पोरी कंपनीच्या काचा फोडतील.

सोन्जू तेव्हा दुकानात मोड बांधून देत होती. गिऱ्हाईक म्हणालं की बाई, मी पालक मागितला होता. तिने पालक दिला, मग पुन्हा मोड दिले, मग आत जाऊन मिठाच्या गोणीवर बसली. तिला रडू आलं नाही. नुसती शरम वाटली, अंगभर, भाजल्यासारखी. तिने विचार केला की आता मिरानला शोधावं आणि सांगावं. मग विचार केला की उद्या. बोरामने संध्याकाळी फोन करून रडून घेतलं, सोलच्या त्या बाईला शिव्या घातल्या, आणि सोन्जू हं हं करत राहिली. तो उद्या दोन वर्षांत आला नाही.

आणि या वसंतात पाचही जण परत आले. नवं गाणं, 'अजून एक नाणं'. सार्वजनिक फोनच्या खोक्यात उभा असलेला माणूस, हातात शेवटचं नाणं, आणि ती फोन उचलत नाही. ऐकून वाटावं की तेव्हाची कॅसेट कुणाच्या तरी माळ्यावर राहून गेली होती ती आज सापडली. तीच सिंथेसायझरची पितळी तुतारी, मध्ये तोच रॅप ज्यातलं अक्षर कधी कुणाला कळलं नाही, आणि शेवटी तीच एक पट्टी वर जाणारी चाल, जिथे तेव्हा मुली बेशुद्ध पडायच्या. सुरुवातीला पाच नावांपुरती सुरावट मोकळी सोडलेली. हायुल म्हणाली, "आई, हे मुद्दाम जुनं बनवलंय. आता जुन्याची फॅशन आहे." सोन्जू म्हणाली, "मुद्दाम कसलं? यांना दुसरं येतंय काय." पण तिने गॅस बंद केला होता आणि ती उभ्यानेच ऐकत होती. तिसरा आवाज दोजुनचा आला. जाडसर झाला होता, कडेला थोडा फाटलाही होता. आनंद व्हायला हवा होता. तिला चोरासारखं वाटलं.

बोरामचा फोन त्याच दुपारी आला. बोराम आता एका शाळेत नर्स आहे, दोन मुलांची आई आहे, आणि हानबादाच्या बाबतीत अजून पंधराचीच आहे. टीव्हीच्या कार्यक्रमाचं आगाऊ चित्रीकरण होतं, तीनशे चाहत्यांना आत सोडणार होते.

"सुरुवात तू करायची, ऊन्नी," ती म्हणाली. "सगळ्यांचं ठरलंय."

"माझा गळा गेला आता."

"काल तुझ्या दुकानावरून गेले मी. तुझा गळा गेला असेल तर बुप्योंगमध्ये गळा कुणालाच नाही."

सोन्जूने मुळ्यांचं कारण सांगितलं, नवऱ्याच्या पाळीचं सांगितलं, गुडघ्याचं सांगितलं. बोरामने तिन्ही कारणं ऐकून घेतली आणि बाजूला ठेवली.

"आणि त्याचं नाव या वेळी छप्पर उडेल असं घ्यायचं," बोराम म्हणाली. "त्या सोलच्या बयेने केलेलं पाप आपण धुऊन टाकू."

सांगायचं तर ही वेळ होती. सोन्जू म्हणाली, "बरं. येते."

तिने मनाशी एक सोयीचा हिशेब केला. तोंडाने कबूल करायचं नाही, पण नाव असं घ्यायचं की त्यातच सगळं येईल. त्याला पोचेल. तेवढ्याने भागेल. माणूस स्वतःशी असे करार फार चटकन करतो. कंपनीने नावं कशी घ्यायची त्याचा व्हिडिओ पाठवला होता. तीन आठवडे तिने मुळे चिरताना पाच नावांचा सराव केला आणि हायुलने मोबाइलवर ठोके मोजले. घरी एकदाही चूक झाली नाही.

चित्रीकरणाच्या सकाळी साडेसातला टीव्ही केंद्राच्या बाहेर तीनशे बायकांची रांग लागली. चाळिशीच्या, पंचेचाळिशीच्या. कुणी दवाखाना बंद ठेवून आलेली, कुणी सासूचं पथ्यपाणी आटपून. कमरेला गरम पट्ट्या, गुडघ्याला पट्टे, पिशवीत किम्बापच्या भाताच्या गुंडाळ्या आणि मोसंबी. पंचेचाळिशीतल्या बाप्यांना ओप्पा ओप्पा, म्हणजे दादा दादा म्हणताना एकीचीही जीभ अडखळत नव्हती. ओळखपत्रं तपासणारं पोरगं मात्र त्यांना मावशी म्हणालं, तेव्हा रांगेत असा गोंगाट उठला की बिचारं मागे सरलं. सोन्जू हसली नाही. ती मनातल्या मनात पाच नावं घोकत होती.

आत गेल्यावर तिला पहिल्या रांगेत डावीकडे उभं केलं, पूर्वी असायची तशी. पाचजण आले. पोट सुटलेले, केस रंगवलेले, तेव्हासारखेच ढगळ पांढरे कपडे. दोजुन मध्ये होता. चष्मा काढून ठेवल्यामुळे की काय, डोळे बारीक करून समोर बघत होता. बायका रडायला लागल्या. दिग्दर्शक म्हणजे एक तिशीचा तरुण, तो वरून बोलला की शांत व्हा, सुरू करतोय. तुतारी वाजली.

सोन्जूने छाती भरून घेतली आणि पहिलं अक्षर उचललं. छा मुन्सोक. तीनशे आवाजांनी तिला दुसऱ्या अक्षराला गाठलं. कू तेग्यून. भिंती हादरल्या.

आणि तिचं तोंड मिटलं.

तिने मिटलं नाही. ते मिटलं. आणि तिच्या मागे तीनशे तोंडं मिटली, कारण त्यांनीही तेव्हा तेच केलं होतं, आणि नंतर सहा महिने तेच केलं होतं, आणि शरीर जे शिकतं ते कुणाला विचारून विसरत नाही. चार ठोके. नुसती तुतारी. हातातले दिवेही खाली गेले होते. चौथ्या ठोक्याला सोन्जूला कळलं आणि तोवर मागून पी हानसोल आलं होतं, नाम उजिन आलं होतं, आणि गाणं सुरू झालं होतं.

त्यानंतरच्या तीन मिनिटांत एकाही बाईने वर पाहिलं नाही. गाणं संपलं. वरून तो तरुण दिग्दर्शक बोलला, अगदी गोड आवाजात, कारण त्याला काहीच ठाऊक नव्हतं.

"सुंदर झालं. फक्त नावांमध्ये एक जागा रिकामी राहिली. पाच आहेत ना? ते एक बघून घ्या, पुन्हा करू."

सोन्जूला वाटलं, आता जमीन दुभंगावी. दोजुनने मायक्रोफोन उचलला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता, पण तो हसला आणि वर बघून म्हणाला, "जरा दम घेऊ द्या हो त्यांना. वय झालंय आमचं सगळ्यांचं." छा मुन्सोक मोठ्याने हसला, मग बाकीचे हसले, बायका हसत हसत हमसून रडल्या. दुसऱ्या वेळी तिसरं नाव असं आलं की दिग्दर्शकाने वर कानावरचं यंत्र काढून ठेवलं. पण सोन्जूला ठाऊक होतं की पहिल्या वेळी जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. तिचा सोयीचा करार तिच्या स्वतःच्या तोंडाने मोडला होता.

चित्रीकरणानंतर पाचजण मागच्या गाडीतळावर चाहत्यांना दहा मिनिटं भेटले. ही पण रीतच. ऊन होतं, बायका फरशीवर मांड्या घालून बसल्या, समोर बुटक्या स्टुलांवर ते पाच. छा मुन्सोकने दोन विनोद केले. कुणी हसायच्या मनःस्थितीत नव्हतं. मग मागच्या रांगेतून एक बाई उठली. पांढरे केस तसेच सोडलेले, अंगात साधा करडा कोट.

"मी ग्वाक मिरान," ती म्हणाली. "तेव्हा सोल शाखेची प्रमुख होते. मला यायचं नव्हतं. पण आज पुन्हा तेच झालं, म्हणून बोलते. ते आमच्या शाखेतून निघालं होतं. दोजुनजी, तेवीस वर्षं मला झोप येत नाही असं म्हणणार नाही, पण दर वसंतात आठवतं. मला क्षमा करा."

आणि ती कमरेत वाकली. पूर्ण वाकली, केस जमिनीकडे लोंबले, आणि तशीच राहिली. बोराम सोन्जूच्या कानात कुजबुजली की आली एकदाची, एवढी हिंमत तरी केली. सोन्जूला ती वाकलेली पाठ दिसत होती. त्या पाठीवरचं ओझं तिचं होतं. दोजुन अर्धवट उठला होता, नको नको म्हणत होता. आत्ता गप्प राहिलं तर हे कायमचं तसंच राहील, हे तिला स्पष्ट दिसलं, आणि गप्प राहणं किती सोपं आहे तेही दिसलं. एक तोंड मिटायचं, बस.

"त्यांचा काही संबंध नाही," सोन्जू म्हणाली. ती उभी राहिली होती. "सोलहून काही आलं नव्हतं. मी सांगितलं तसं. इंचॉनमध्ये, मी. त्या तर इस्पितळात होत्या."

बोरामने वर पाहिलं. तिच्या डोळ्यांत काय होतं ते सोन्जूने बघितलं नाही. मिरान हळूहळू सरळ झाली. ती सोन्जूकडे बघत राहिली, जशी माणसं हरवलेली वस्तू भलत्याच घरात सापडल्यावर बघतात.

"निषेधाच्या पत्रावर सहीसुद्धा मी केली," सोन्जू म्हणाली. "सगळं मीच. आणि त्या आज वाकल्या नसत्या तर मी आजही सांगितलं नसतं." एवढं बोलून ती वाकली, आणि आता शिव्या येतील म्हणून वाट पाहत राहिली. शिव्या तिला चालणार होत्या. क्षमा आली असती तर तीही तिने मान खाली घालून घेतली असती.

 दोजुनने खिशातून चष्मा काढून लावला आणि तिच्याकडे नीट बघितलं.

"डावीकडे, पहिली रांग," तो म्हणाला. "शाळेचा गणवेश, वर रेनकोट. आवाज तुमचाच असायचा. आम्ही आत विंगेत म्हणायचो, आली इंचॉनची."

सोन्जूने मान हलवली.

"त्या दिवशी सगळं काळं झालं," तो म्हणाला, "आणि मला एकच चेहरा दिसला. तोंड घट्ट मिटलेलं आणि डोळ्यांतून धारा. मला वाटलं, हिच्या घरी काहीतरी वाईट झालंय आणि तरी ही आलीय. पुढे अख्खं गाणं मी तुमच्याकडे बघून म्हटलं. नंतर मॅनेजरला सांगितलंही, कुणाला तरी विचारा म्हणून, ती मोठ्या आवाजाची मुलगी बरी आहे ना. कुणी काही कळवलं नाही."

 सोन्जूला वाटलं, याने एक थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. तिने उत्तर दिलं, पण ते इतकं हळू आलं की शेजारी बसलेल्या बोरामलाही पुढे वाकावं लागलं.

"काही झालं नव्हतं, ओप्पा," ती म्हणाली. "घरी सगळे बरे होते."